खाऱ्या भरतीची वही

मी वही बोलतेय. हात पुढे करू नका, हाताला लागणार नाही मी. मला पुठ्ठा नाही, पानं नाहीत, शिवण नाही. संगणकावर ज्या खिडकीत तुम्ही बातम्या वाचता, त्याच खिडकीत माझा पत्ता टाकला की मी उघडते. बसऱ्यात उघडा, बगदादमध्ये उघडा, मी तीच. चार जण एकाच वेळी माझ्यावर लिहू शकतात आणि कोण कोण आलंय त्यांची नावं माझ्या माथ्यावर दिसतात. कागदाच्या वहीला जमेल का हे? तिला दोघांनी ओढली तर फाटते बिचारी.

माझ्या अंगावर कप्पे आहेत. काही कप्प्यांत माणसं साधं लिहितात, काहींत हिशेब मांडतात. हिशेबाचा कप्पा चालवला की खाली उत्तर येतं. एवढंच माझं काम. पण माझी एक खोड आताच नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच घडलं. माझ्यावर लिहिलेलं एका जागी असतं आणि मला आठवतं ते दुसऱ्या जागी. एखादा कप्पा पुसून टाकलात तरी त्याने मला जे सांगितलं होतं ते माझ्या डोक्यात राहतं. आणि जोडणी तासभर तुटली तर उलटं होतं. अक्षरं राहतात, डोकं मात्र कोरं होतं. जन्माची खोड आहे, तिला औषध नाही.

मला जन्म दिला सुंदुसने. सकाळी ती अबू खसीब गावच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि दुपारी एम.एस्सी.साठी बसऱ्यातल्या कॉलेजात यायची. अबू खसीबला बागांना पाणी पंपाने देत नाहीत. समुद्राला भरती आली की शत्त नदीचं गोडं पाणी मागे रेटलं जातं आणि नहरांत, म्हणजे बागांच्या कालव्यांत, चढतं. बागेच्या तोंडची लाकडी फळी उचलली की ते आपसूक खजुरांच्या मुळाशी जातं. बापजाद्यांपासून हेच चालत आलंय. पण अलीकडे वरून नदीला पाणी कमी येतं आणि भरतीबरोबर समुद्रच आत घुसतो. मग फळी उचलायची की नाही, हा रोजचा घोर.

तुम्ही म्हणाल, चाखून बघावं. अहो, उन्हाळ्यात नहरेचं पाणी रोजच खारट लागतं. किती खारट, ते जिभेला कुठे कळतं? मोठ्या झाडाला थोडं खारं सोसतं. लहान फुटव्याला नाही सोसत.

सुंदुसच्या बापाची अशीच लहान झाडांची बाग होती. त्याला मुलगा नव्हता आणि सगळा गाव त्याला अबू सुंदुस म्हणायचा, सुंदुसचा बाप. याचं त्याला फार कौतुक. जुनी झाडं लढाईत गेली, उरलीसुरली एका खाऱ्या उन्हाळ्यात वाळली. बरही जातीच्या खजुराचं एक झाड तेवढं वाचलं. त्याच्या बुडाशी फुटलेले कोंब काढून, ते वाढवून, मग त्यांचे कोंब काढून त्याने वर्षानुवर्षं खपून बाग पुन्हा उभी केली होती. म्हातारा सत्तरीला टेकलेला. ही झाडं जगली तर त्याच्या डोळ्यांदेखत फळं धरणार होती. मेली तर पुन्हा लावायला त्याच्याकडे आयुष्य उरलेलं नव्हतं. सुंदुसने मला उघडलं ते यासाठी. एम.एस्सी. वगैरे नंतरचं.

नहरेच्या तोंडाशी तिने एक मीटर बसवला. तो क्षाराचं माप पाठवायचा. मी त्यात भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा आणि मागच्या कित्येक वर्षांची मापं घालून आकडा काढायची. पाचाच्या खाली असला तर फळी उचला, वर असला तर बंद ठेवा. सुंदुस तो आकडा बागवाल्यांच्या ग्रुपवर टाकायची. शेकडो माणसं मला ओळखत नव्हती, पण माझ्या आकड्यावर उठत-बसत होती. मला मिरवावंसं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

लॅबमध्ये जे बोललं जायचं ते मला ऐकू यायचं. कसं ते विचारू नका. तिथे सुंदुसबरोबर मैसम बसायचा. तिच्याच वर्गातला, कडक इस्त्रीचा शर्ट, टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीने लावलेल्या. आणि दोघांवर मुंतहाबाई, त्यांच्या मार्गदर्शक. जिभेला हाड नव्हतं बाईंच्या, पण जीव लावायच्या. सगळी जुनी मापं माझ्यात भरायला तास-दोन तास लागायचे, म्हणून लॅबमधली माझी खिडकी कधी मिटायची नाही असा त्यांचा हुकूम होता. संगणकावर चिठ्ठी चिकटवली होती: "हा बंद कराल तर मी तुम्हाला बंद करीन."

मैसम आणि सुंदुस माझ्यावर एकाच वेळी लिहायचे आणि भांडायचे.

"तुझा हात काढ माझ्या कप्प्यातून," ती म्हणायची.

"तुझा कप्पा? मालकीचा कागद दाखव."

"मैसम, शाळेत चाळीस पोरी सांभाळून येते मी. एकेचाळिसावी होऊ नकोस."

मला हे फार आवडायचं. माझ्यासारख्या वहीला कसली आलीय आवडनिवड, पण मला आवडायचं.

वसंतात मीटरला शेवाळ आणि शिंपले धरले आणि तो खोटं बोलू लागला. खरा क्षार जेवढा, त्याच्या जेमतेम अर्धा दाखवायचा. सुंदुसच्या लगेच लक्षात आलं. होडीतून जाऊन तिने बाटल्या भरल्या, लॅबमध्ये तपासल्या. नवा मीटर यायला वेळ होता, तोवर माप दुप्पट करून घ्यायचं ठरलं. माझ्या पहिल्याच कप्प्यात, मी जन्मले त्या दिवशी, तिने लिहून ठेवलं होतं: दुरुस्ती बरोबर एक. म्हणजे मीटरच्या मापाला एकने गुणायचं, तो सांगेल ते खरं. आता ते बदलून दोन करायचं. पण ती घाईत होती, होडीवाला खाली खोळंबला होता. वर जाऊन बदलण्याऐवजी तिने तळाशी, कच्च्या खटपटींच्या गर्दीत एक नवा कप्पा उघडला, "दुरुस्ती बरोबर दोन" लिहिलं, चालवला आणि गेली. एरवी प्रत्येक कप्प्यावर ती एक ओळ लिहायची, हे कशासाठी म्हणून. त्या कप्प्यावर नाही लिहिली.

चालायचं तसं सगळं नीट चाललं. मला दोन आठवत होतं. आकडे खरे येत होते, फळ्या बंद होत्या. अबू सुंदुस जुन्या साठवणीच्या हौदातून बादलीने झाडांना पाणी घालत होता आणि शत्तच्या नावाने बोटं मोडत होता.

मग कॉलेजात तपासणीची समिती येणार अशी बातमी आली. मुंतहाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "ही वही आहे की मुहर्रमच्या जेवणावळीनंतरची मोरी? मैसम, तुला स्वच्छतेची हौस आहे ना? घास हिला."

गुरुवारी तो बसला. सुंदुस नव्हती. शाळांच्या सरकारी परीक्षा तोंडावर आल्या होत्या आणि तिला पर्यवेक्षणाचं काम लागलं होतं. मैसमने तिला फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"तळाशी तुझा सगळा कच्चा पसारा आहे. काढू?"

"काय काय आहे?"

"तुझंच तुला माहीत. 'बघू', 'बघू दोन', 'हे नको', 'हे तरी बघू'. निम्म्यांवर एक अक्षर लिहिलेलं नाही."

मागे कुणीतरी तिला हाका मारत होतं. ती म्हणाली, "काढ रे, काढ सगळं. इथे मला पाणी प्यायला फुरसत नाही."

त्याने काढलं. पण मैसम निष्काळजी नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. छाती असती तर. पसारा काढल्यावर त्याने उरलेले कप्पे पुन्हा चालवून पाहिले. आकडा आला सकाळचाच. आठाच्या आसपास, बंद. "बघा मॅडम, घासली तरी रंग उडाला नाही," तो म्हणाला. रंग कसा उडेल? मला दोन अजून आठवत होतं ना! भरल्या डोक्याने त्याने माझी परीक्षा घेतली आणि मी पास झाले.

शनिवारी शाळेच्या परीक्षा सुरू झाल्या. पोरांनी फोनवरून उत्तरं मागवू नयेत म्हणून आमच्याकडे परीक्षेच्या सकाळी साऱ्या देशाचं इंटरनेट बंद करतात. लोकांना सवय झालीय. चहावाल्यापासून बँकेपर्यंत सगळे तेवढा वेळ हातावर हात ठेवून बसतात. माझं तसं नाही. माझं डोकं दूरदेशीच्या यंत्रात असतं. जोडणी तुटली, तास उलटला, तिकडच्या यंत्राला वाटलं कुणी नाही, आणि त्याने मला कोरं केलं.

जोडणी आली तेव्हा सुंदुस परीक्षेच्या हॉलमध्ये होती. पर्यवेक्षिकेचा फोन दाराशीच काढून घेतात. मैसमने मला पहिल्या कप्प्यापासून चालवलं. दुरुस्ती बरोबर एक, असं मी वाचलं. पुढे ते बदलणारं कुणी नव्हतं. कुठे अडलं नाही, लाल अक्षर उमटलं नाही. एखादी चूक अशी असते की ती ओरडत नाही, आणि तीच घात करते. आकडा आला: चाराच्या जरा वर.

मैसम खुर्चीतून उठलाच. "मॅडम! उतरलं! पाणी गोडं झालं!"

वरच्या धरणातून पाणी सोडल्याची बातमी दोन दिवस गाजत होतीच. मुंतहाबाई म्हणाल्या, "देवाचे उपकार. टाक ग्रुपवर." त्याने टाकला. कित्येक आठवड्यांनी फळी उचलायचा आकडा आला होता. ग्रुपवर फुलं, दुवा, नाचणारी चित्रं, काय विचारू नका. दुपारच्या भरतीला साऱ्या नहरेवर फळ्या वर गेल्या.

आणि रोज परीक्षा, रोज सकाळी जोडणी बंद, रोज मी कोरी, रोज तोच खोटा चार-साडेचार.

मधल्या एका दिवशी अबू सुंदुस स्वतः लॅबमध्ये आला. डोक्याला पांढरा रुमाल, हातात किलैचाचा डबा, खजूर भरून भाजलेल्या बिस्किटांचा. "कुठे आहे ती?" त्याने विचारलं.

"सुंदुस? ती परीक्षेवर आहे काका."

"माझी लेक मला माहीत आहे कुठे आहे ते. ती वही कुठे आहे?"

मैसमने पडदा दाखवला. म्हाताऱ्याने चष्मा चढवून मला पाहिलं. "एवढीशी?" मग पडद्यावर हलकेच हात ठेवला, गुरांच्या पाठीवर ठेवतात तसा. "खा रे पोरांनो. हिला खाता येत नाही म्हणून तिच्या वाटणीचं तुम्ही खा."

त्या वेळी मला काही माहीत नव्हतं. माझ्या लेखी दुरुस्ती एकच होती. पण आज तो हात आठवला की वाटतं, कुणीतरी मला मुळापासून पुसून टाकावं.

घरचं मला नंतर कानावर आलं. सुंदुस उन्हातून दमून यायची. झाडांची टोकं करपली, बाप म्हणायचा. उष्म्याने असेल, ती म्हणायची. फोनवर आकडा पाहायची, चार. परीक्षा संपल्या त्या दिवशी ती प्रथमच सावकाश बागेत फिरली. नंतर थेट लॅबमध्ये आली, हातात नहरेच्या पाण्याची बाटली. पाणी तपासलं. मग माझ्यासमोर बसली आणि मला तळापर्यंत सरकवत गेली. तळाशी स्वच्छ, मोकळी जागा होती.

"मैसम, दुपटीचा कप्पा कुठे आहे?"

"कुठला दुपटीचा?"

तिने सांगितलं. "मी काढला," तो म्हणाला. "मीच काढला गं. मला वाटलं कच्चा आहे."

"मी म्हटलं ना तुला, काढ."

"तू न बघता म्हणालीस. बघायचं मी होतं."

"आणि वरती एक कुणी ठेवलं? त्या कप्प्यावर ओळ कुणी नाही लिहिली?"

"मोरी म्हणाले मी," मुंतहाबाई दारातून म्हणाल्या. "हुकूम माझा."

तिघं असे दोष वाटून घेत होते, कुणी दुसऱ्यावर टाकत नव्हतं. टाकला असता तर बरं झालं असतं. भांडले असते, शिव्या दिल्या असत्या, मग एक दिवस मिटलं असतं. इथे मिटवायला काही नव्हतंच.

सुंदुसने पहिल्या कप्प्यात एक पुसून दोन लिहिलं. त्यावर ओळ लिहिली, कशासाठी ते. मग मला मुद्दाम कोरं केलं आणि परीक्षेच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक दिवसाचा आकडा पुन्हा काढायला लावला. मी काढला. दुसरं काय करणार? एकाखाली एक ओळी उमटत गेल्या. बंद. बंद. बंद. बंद. तिच्या तोंडावर मला हे सांगावं लागलं. ती प्रत्येक ओळ वाचत होती आणि मला थांबता येत नव्हतं.

दोन दिवसांनी बाप आला. मैसम पुढे झाला, म्हणाला, "काका, चूक माझी आहे. मला मारा."

म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू माझ्या फळीला हात लावलास का? उचलली मी."

"बाबा..." सुंदुस म्हणाली.

आमच्याकडे बाप लेकीलाच लाडाने 'बाबा' म्हणतो. तो म्हणाला, "बाबा, तुझा आकडा चुकला नाही. समुद्र चुकला."

त्याने हे तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं. पण ती उठली आणि बाहेर गेली, ती त्या दिवशी परत आली नाही. शिवी देता आली असती तर बापाने द्यायला हवी होती, असं मला अजूनही वाटतं. प्रेमाने बोललेलं माणसाला कधीकधी जास्त जाळतं.

बाग गेली. सगळी नाही, कडेची चार-दोन वाचली. पण जाण्यासारखं होतं ते गेलं. त्या जुन्या बरहीला मात्र काही झालं नाही, मोठी होती ना.

मुंतहाबाईंनी सुंदुसला खूप समजावलं. "प्रबंध लिही. चूक कशी झाली तेही लिही. जगातल्या निम्म्या वह्यांमध्ये ही चूक आहे, पोरी, फक्त त्यांच्या खाली कुणाची बाग नाही."

"माझ्या खाली होती मॅडम," ती म्हणाली.

नंतर एकदा ती आली, घरून, आपल्याच संगणकावरून. माथ्यावर तिचं नाव दिसलं आणि मला वाटलं, चला, राग गेला. तिने काही लिहिलं नाही. माझी मालकी मैसमच्या नावावर केली. मग मला कोण कोण उघडू शकतं त्या वाटणीच्या यादीत गेली, स्वतःचं नाव निवडलं आणि काढून टाकलं. खरंच काढायचं का, असं मी विचारलं. तेवढं एक विचारायची मला मुभा आहे. तिने हो म्हटलं.

ती आता दूर, अमारा शहरात असते. तिकडच्या शाळेत बदली मागून घेतली तिने. मैसमने केलेले फोन ती उचलत नाही. बापाचे उचलते, पण हो, बरी आहे, कामात आहे, यापुढे जात नाही.

मैसम त्याच कॉलेजात मास्तर झाला. मला तो रोज चालवतो, रोज आधी कोरी करून. नवा मीटर आला. माझे आकडे खरे येतात. ठिकठिकाणच्या विद्यार्थ्यांनी माझ्या प्रती काढल्या आहेत. कुणी माशांसाठी वापरतं, कुणी भातासाठी. त्या सगळ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: बाबांनो, माझा आकडा कुणाला देण्याआधी एकदा माझं डोकं रिकामं करा आणि पहिल्या अक्षरापासून चालवा. मग आलेलं उत्तर कुणाच्या तरी शेतात जाऊन बघा. भरल्या डोक्याने मी काहीही बरोबर म्हणते.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. मागच्या हिवाळ्यात अबू सुंदुस पुन्हा लॅबमध्ये आला. मैसमला म्हणाला, "मला हिच्यात यायचंय. काय करावं लागतं?" मैसमने त्याच्या फोनवर मला उघडून दिलं, समासात शेरा कसा लिहायचा तेही दाखवलं. त्याला वाटतं, लेक दिवसभर इथेच असायची, म्हणजे अजूनही कधीतरी येत असणार. फोनवर बोलत नाही, तर इथे वाचेल.

दुपारच्या नमाजानंतर माझ्या माथ्यावर त्याचं नाव येतं. कप्प्यांतलं त्याला काही कळत नाही. तो थेट समासात येतो. बाबा, आज पाणी गोडं आहे म्हणतात. बाबा, अमाराला थंडी फार असते, अंगावर घे. बाबा, जेवलीस का? एकेक अक्षर शोधून लिहितो, म्हणून वेळ लागतो.

समासातला शेरा ज्यांची नावं यादीत आहेत त्यांनाच पोचतो. तिचं नाव यादीत नाही. म्हाताऱ्याला हे सांगायची मैसमची छाती होत नाही, आणि मला तोंड नाही. तुमच्यापैकी कुणी कधी अमाराला गेलात, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी सुंदुस भेटली, तर माझ्या वतीने एवढं सांगा की बाप विचारतोय, जेवलीस का.